डीएनएचे पेड उष्णतेने कसे सुटतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'या प्रायमरचा टीएम किती?' हा प्रश्न प्रयोगशाळेत रोज ऐकू येतो आणि बहुतेक वेळा तो अर्धवटच असतो. प्रायमर म्हणजे डीएनएची नक्कल जिथून सुरू होते तो आखूड एकपेडी तुकडा, आणि टीएम म्हणजे वितळण तापमान. किती मिठात, किती सांद्रतेला, मॅग्नेशियम आहे की नाही, हे कळल्याशिवाय त्याला एक उत्तर देता येत नाही. वितळण तापमान हे फक्त डीएनएच्या क्रमावर ठरत नाही, अख्ख्या द्रावणावर ठरते. खाली यामागचे भौतिकशास्त्र आहे, आणि बाकावर काम करताना लागणारे आकडेही आहेत.

डीएनए 'वितळतो' म्हणजे नेमके काय होते?

दुपेडी रेणूचे दोन पेड एकमेकांपासून सुटतात. साखर-फॉस्फेटचा कणा शाबूत राहतो, बेसचा क्रम तसाच राहतो, एकही सहसंयुज बंध तुटत नाही. डोळ्यांना काहीच दिसत नाही. द्रावणाची चिकटाई मात्र उतरते, कारण ताठ दुपेडी रेणूच्या जागी लवचिक, गुंडाळलेले एकपेडी रेणू येतात. २६० नॅनोमीटरला शोषणही ३५ ते ४० टक्क्यांनी वाढते.

लांब डीएनएमध्ये ज्या तापमानाला निम्म्या बेसजोड्या उघडलेल्या असतात, तो त्याचा टीएम. आखूड तुकड्यांत निम्मे पेड एकटे आणि निम्मे जोडीत असतात ते तापमान टीएम मानतात.

पेड धरून ठेवतात ते हायड्रोजन बंधच ना? जी-सीमध्ये तीन, ए-टीमध्ये दोन?

शाळेपासून पाठ झालेले हे उत्तर निम्मेच खरे आहे. हायड्रोजन बंध कोण कोणासमोर बसणार ते ठरवतात. जोडी किती घट्ट राहणार हे मात्र मुख्यतः एकावर एक रचलेल्या बेसमधले आकर्षण ठरवते. बेस चपटे असतात आणि दुपेडी रेणूच्या आत नाण्यांच्या चळतीसारखे बसतात. शेजारच्या चकत्यांमधले हे आकर्षण आणि त्यांच्यामधून पाणी बाहेर राहणे, यावर बहुतेक स्थैर्य उभे आहे.

हायड्रोजन बंधांचे योगदान इतके कमी का, याचे कारण साधे आहे. पेड सुटले तरी बेस उघडे पडत नाहीत, लगेच पाण्याशी हायड्रोजन बंध करतात. एक बंध गेला, दुसरा आला, निव्वळ फायदा थोडाच.

पुरावा आकड्यांतच आहे. सँटालुशिया यांनी १९९८ मध्ये एकत्र केलेल्या शेजारजोडी-मूल्यांत (लागून असलेल्या दोन जोड्यांची एक पायरी, तिची मुक्त ऊर्जा; १ मोलर मीठ, ३७ °से.) ए-टी जोड्यांचेच तीन शेजार बघा. एएवर टीटी असेल तर −१.०० किलोकॅलरी प्रति मोल, एटीवर टीए असेल तर −०.८८, आणि टीएवर एटी असेल तर अवघे −०.५८. तिन्हींत हायड्रोजन बंध सारखेच आहेत. फरक आहे तो रचणीचा. दुसऱ्या टोकाला जीसीची पायरी −२.२४ वर बसते.

मग तापवल्यावर पेड का सुटतात?

ऊर्जा आणि एन्ट्रॉपी यांच्या ओढाताणीमुळे. जोडीत राहिल्याने ऊर्जेचा फायदा होतो, दर पायरीमागे साधारण ८ किलोकॅलरी प्रति मोल. सुटल्याने स्वातंत्र्याचा फायदा होतो, दर पायरीमागे साधारण २२ कॅलरी प्रति मोल प्रति केल्व्हिन. दुसऱ्या संख्येला तापमानाने गुणायचे असल्यामुळे तापमान चढत जाते तसे पारडे सुटण्याकडे झुकते. ८००० भागिले २२ केले की सुमारे ३६४ केल्व्हिन, म्हणजे ९० °से.च्या आसपास येते. लांब डीएनएच्या खऱ्या टीएमच्या हे बरेच जवळ आहे.

३७ °से.ला एका पायरीची निव्वळ मुक्त ऊर्जा सरासरी १.४ किलोकॅलरीच उरते. उष्मीय धडपडीचे माप, म्हणजे बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले तापमान, याच तापमानाला सुमारे ०.६ किलोकॅलरी आहे. एकेक जोडी त्यामुळे खोलीच्या तापमानालाही अधूनमधून उघडते आणि मिटते. रेणू टिकतो तो शेकडो जोड्यांच्या एकत्रित हिशेबावर.

सगळा रेणू एकदम सुटतो की हळूहळू?

दोन्ही टोकांची उत्तरे चुकीची आहेत आणि खरी गंमत मधेच आहे.

दुपेडी रेणूच्या ऐन मध्यावर एक जोडी उघडायची झाली तर तिच्या दोन्ही बाजूंची रचणी मोडावी लागते. शिवाय पहिली जोडी उघडल्यावर हाती लागणारे स्वातंत्र्य नगण्य, कारण दोन्हीकडून पेड बांधलेलेच असतात. त्यामुळे नवा बुडबुडा (मध्येच उघडलेला भाग) सुरू करणे फार महाग आहे. साध्या जोडीच्या तुलनेत त्याचे वजन दहा हजारात एक किंवा त्याहूनही कमी भरते. सुरू झालेला बुडबुडा वाढवणे मात्र स्वस्त. याला सहकारी संक्रमण म्हणतात, आणि वितळण्याचा आलेख इतका उभा चढतो तो यामुळेच.

टोके आणि ए-टीने भरलेले पट्टे आधी सुटतात, जी-सीने भरलेले शेवटी. काही हजार जोड्यांच्या एकसंध डीएनएचा आलेख बारकाईने मोजून त्याचे अवकलन काढले तर एकाऐवजी अनेक टोकदार शिखरे दिसतात. शंभर ते काही शे जोड्यांचा एकेक पट्टा आपापल्या तापमानाला, अंशाच्या अंशात, एकदम उघडतो. १५-२० बेसच्या तुकड्यांत बुडबुड्याला जागाच नसते. तिथे 'पूर्ण जोडीत' आणि 'पूर्ण सुटे' या दोनच अवस्था धरून हिशेब केला तरी चालतो.

हे खरेखुरे प्रावस्था संक्रमण (बर्फाचे पाणी होण्यासारखे) आहे का? एका मितीत ते होत नाही असे शिकलो होतो.

एका मितीत, जवळच्याच शेजाऱ्यांमध्ये आंतरक्रिया असेल तर होत नाही, हे बरोबर. डीएनए त्यातून निसटतो तो बुडबुड्यांमुळे. उघडलेल्या बुडबुड्याचे दोन पेड मिळून एक बंद वळसा तयार होतो. त्या वळशाची दोन टोके पुन्हा एकत्र येण्याची शक्यता त्याच्या लांबीच्या सी-व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. ही लांब पल्ल्याची आंतरक्रियाच झाली.

पोलंड आणि शेरागा यांनी १९६६ मध्ये हे प्रारूप मांडले. त्यात सगळे एका सी या घातांकावर ठरते. तो १ किंवा त्याहून कमी असेल तर संक्रमण नाही, १ ते २ मध्ये असेल तर सलग, २ च्या वर असेल तर झटक्यात. वळशाला स्वतःतून आरपार जाता येते असे धरले तर सी १.५ येतो. वळसा स्वतःला टाळतो असे धरल्यावर १.७६ च्या आसपास. काफ्री, मुकामेल आणि पेलिती यांनी २००० मध्ये दाखवले की वळसा बाकीच्या साखळीलाही टाळतो हे लक्षात घेतले तर सी २.१ च्या जवळ जातो, म्हणजे संक्रमण झटक्यातले ठरते. हा सगळा खल एकसारख्या क्रमाच्या, अनंत लांब रेणूचा. खऱ्या डीएनएत क्रमाची सरमिसळ असते आणि वर सांगितलेल्या पायऱ्या दिसतात.

टीएम काढायचे सूत्र कोणते वापरावे?

तुकड्याच्या लांबीवर ठरते.

लांब डीएनएसाठी (शंभराहून जास्त जोड्या): टीएम = ८१.५ + १६.६ × लॉग(सोडियम, मोलरमध्ये) + ०.४१ × (जी-सी टक्के) − ६७५ ÷ लांबी. याचे मूळ मार्मुर आणि डॉटी यांच्या १९६२ च्या मोजमापात आहे: एसएससी (मीठ आणि सोडियम सायट्रेट) बफरमध्ये टीएम = ६९.३ + ०.४१ × जी-सी टक्के. एसएससीत सोडियम सुमारे ०.१९५ मोलर असते. ते वरच्या सूत्रात घालून बघा, ६९.७ येते. मानवी डीएनए सुमारे ४१ टक्के जी-सी आहे, म्हणून एसएससीत त्याचा टीएम ८६ °से.च्या आसपास.

'ए-टीला २, जी-सीला ४' हा तोंडी हिशेब वॉलेस नियम म्हणून ओळखला जातो. तो पडद्यावर चिकटवलेल्या डीएनएला १४ ते २० बेसचा प्रोब (ठरावीक क्रम शोधणारा तुकडा) लावण्यासाठी, ०.९ मोलर मिठात बसवला होता. द्रावणातल्या प्रायमरला तो लावू नये. किती चुकतो ते पुढच्या उदाहरणात दिसेल.

आखूड तुकड्यांसाठी शेजारजोडी पद्धतच वापरावी. ए-टी-जी-सी-जी-टी-ए-सी-सी-टी-जी-ए हा १२ बेसचा तुकडा घ्या. त्यात ११ पायऱ्या आहेत. सारणीतून त्यांच्या एन्थाल्पींची (जोडीत राहण्याच्या ऊर्जेची) बेरीज −९२.६ किलोकॅलरी येते. दोन्ही टोकांना ए-टी जोडी आहे, त्याचा दंड प्रत्येकी +२.३, म्हणजे एकूण −८८.०. एन्ट्रॉपीची बेरीज −२४६.६ कॅलरी प्रति केल्व्हिन, टोकांचे प्रत्येकी +४.१ धरून −२३८.४. आता

टीएम = एन्थाल्पी ÷ (एन्ट्रॉपी + १.९८७ × नैसर्गिक लॉग(एकूण सांद्रता ÷ ४)) − २७३.१५

दोन्ही पेड प्रत्येकी १ मायक्रोमोलर असतील तर एकूण सांद्रता २ मायक्रोमोलर. चारने भागून लॉग घेतला की −१४.५१, आणि १.९८७ ने गुणून −२८.८. म्हणून ८८००० ÷ २६७.२ = ३२९.३ केल्व्हिन, अर्थात ५६ °से. वॉलेस नियम याच तुकड्याला ३६ °से. देतो. फरक तब्बल २० अंशांचा.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, किलोकॅलरी आणि कॅलरी यांची सरमिसळ. उत्तर शून्याखाली गेले तर आधी तेच तपासा. दुसरी, स्वपूरक क्रमाला (जो उलटा वाचला तरी स्वतःशीच जुळतो) चारने भागणे. तिथे भागायचे नसते, आणि एन्ट्रॉपीत −१.४ ची सममिती दुरुस्ती घालायची असते.

सांद्रता बदलल्याने टीएम का बदलतो?

दोन सुटे पेड एकमेकांना भेटले तरच जोडी होते. पातळ द्रावणात भेटी कमी. वरच्या तुकड्याची सांद्रता दहापट कमी केली की टीएम ५६ वरून ५०.६ °से.वर येतो. लांब डीएनएत हा परिणाम दिसत नाही, कारण तिथे बहुतेक जोड्या उघडतात तेव्हा पेड अजून कुठेतरी एकमेकांना धरूनच असतात.

मिठाचा इतका परिणाम का?

प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋण प्रभार असतो. दुपेडी रेणूच्या अक्षावर दर ०.१७ नॅनोमीटरला असा एक प्रभार येतो. एवढे दाट प्रभार एकमेकांना ढकलतात आणि दोन पेडांना दूर लोटतात. द्रावणातले सोडियम आयन या रेणूभोवती गोळा होतात. मॅनिंग यांच्या सिद्धांतानुसार सुमारे तीन चतुर्थांश प्रभार त्यांनी झाकलेला असतो. पेड सुटले की प्रभार विरळ होतात आणि काही आयन मोकळे होऊन द्रावणात जातात. द्रावणात आधीच मीठ भरपूर असेल तर या मोकळे होण्याचा एन्ट्रॉपीतला फायदा घटतो, म्हणून पेड सुटायला जास्त तापमान लागते. टीएम मिठाच्या लॉगनुसार चढतो तो यातूनच: लांब डीएनएत दहापटीला सुमारे १६-१७ अंश, साधारण १ मोलरपर्यंत. त्यापुढे वाढ मंदावते.

आपल्याच १२ बेसच्या तुकड्यासाठी: दर पायरीमागे एन्ट्रॉपीत ०.३६८ × नैसर्गिक लॉग(सोडियम) एवढी दुरुस्ती घालायची. ५० मिलिमोलरला ती एकूण −१२.१ येते आणि टीएम ५६ वरून ४२ °से.वर उतरतो. क्रम तोच, सांद्रता तीच.

म्हणूनच डीएनए निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून ठेवू नये. आयन इतके कमी असले तर पेड खोलीच्या तापमानालाही सुटू शकतात. नंतर मीठ घातले तरी लांब पेड नीट जुळतीलच असे नाही. १० मिलिमोलर ट्रिस (बफर) आणि ०.१ मिलिमोलर ईडीटीए (धातूचे आयन पकडणारे रसायन) एवढे तरी असू द्या.

मॅग्नेशियम कसे मोजायचे?

दुहेरी प्रभारामुळे ते सोडियमपेक्षा कितीतरी प्रभावी आहे. कामापुरता हिशेब असा: सममूल्य सोडियम = सोडियम + १२० × वर्गमूळ(मॅग्नेशियम − डीएनटीपी), सगळे मिलिमोलरमध्ये. डीएनटीपी (नवा पेड बांधायचे चार घटक) वजा करायचे कारण ते मॅग्नेशियम धरून ठेवतात. ५० मिलिमोलर मीठ, १.५ मॅग्नेशियम आणि एकूण ०.८ डीएनटीपी असेल तर सुमारे १५० मिलिमोलर येते. चारही डीएनटीपींची बेरीज घ्यायची, एकाची नाही. प्रत्येकी ०.२ लिहिलेले असते आणि तेवढेच सूत्रात घातले जाते.

दोन संकेतस्थळे एकाच प्रायमरला वेगवेगळा टीएम देतात. खरा कोणता?

बहुधा दोन्ही आपापल्या परीने बरोबर असतात. एकाने ५० मिलिमोलर मीठ आणि ०.२५ मायक्रोमोलर प्रायमर धरलेला असतो, दुसऱ्याने मॅग्नेशियमसह वेगळे काही. सेटिंग उघडून चार गोष्टी जुळवा: सोडियम किंवा पोटॅशियम, मॅग्नेशियम, डीएनटीपी, प्रायमरची सांद्रता. तरीही दोन-तीन अंशांचा फरक उरला तर तो वेगवेगळ्या सारण्यांचा आणि मीठ-दुरुस्तीच्या सूत्रांचा. जोडीतले दोन्ही प्रायमर मात्र एकाच ठिकाणी मोजा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही.

यूव्ही शोषणाने वितळण्याचा आलेख कसा काढायचा?

बफर: १० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.०, १०० मिलिमोलर मीठ, ०.१ मिलिमोलर ईडीटीए. ट्रिस इथे नको. दर अंशामागे त्याचा पीएच सुमारे ०.०२८ ने घसरतो. २५ °से.ला ८.० असलेला ट्रिस ९५ °से.ला ६.० च्या आसपास असतो. आलेखात मग तापमान आणि पीएच दोन्ही बदलत राहतात.

दोन्ही पेड समान मोलमध्ये मिसळा. २६० नॅनोमीटरला शोषण ०.२ ते १.० यात यायला हवे. १ सेंटिमीटरच्या क्वार्ट्‌झ कुव्हेटमध्ये १२ बेसच्या तुकड्यासाठी प्रत्येक पेड २ ते ४ मायक्रोमोलर पुरतो. प्लास्टिकचा साधा कुव्हेट २६० ला प्रकाश अडवतो. मिश्रण ९५ °से.ला ३ ते ५ मिनिटे ठेवून सावकाश थंड करा, म्हणजे चुकीच्या जुळण्या निघून जातील. मग निर्वातात हवा काढून टाका, कुव्हेटमध्ये भरा आणि वर खनिज तेलाचा पातळ थर सोडा.

१५ पासून ९० °से.पर्यंत मिनिटाला ०.५ अंश या वेगाने चढवा, दर अर्ध्या अंशाला नोंद घ्या. २६० बरोबर ३२० नॅनोमीटरचीही नोंद ठेवा; तिथे डीएनए शोषत नाही, त्यामुळे तिथे काही दिसले तर तो गढूळपणा किंवा बुडबुडा. जी-सी जास्त असेल तर २८० ला बदल अधिक ठळक दिसतो. वर पोहोचल्यावर त्याच वेगाने खाली या.

आता आधीची आणि नंतरची तिरपी आधाररेषा जोडून घ्या आणि दोहोंच्या बरोबर मध्ये आलेख जिथे छेदतो ते तापमान वाचा. नुसत्या अवकलनाचे शिखर म्हणजे टीएम असे अनेक यंत्रे धरतात. दोन वेगळ्या पेडांच्या जुळणीत ते शिखर खऱ्या टीएमच्या किंचित वर येते.

एन्थाल्पी हवी असेल तर सांद्रता शंभरपटीच्या टप्प्यात बदलून सहा ते दहा आलेख काढा. १ ÷ टीएम (केल्व्हिन) विरुद्ध सांद्रतेचा नैसर्गिक लॉग अशी सरळ रेषा येते. तिचा चढ म्हणजे आर (वायू स्थिरांक, वरच्या सूत्रातला १.९८७) ÷ एन्थाल्पी. दाट द्रावणांसाठी १ मिलिमीटरचा कुव्हेट लागेल.

आलेख बिघडलेला दिसतो. कारण काय असावे?

चढणारा आणि उतरणारा आलेख जुळत नाहीत: वेग जास्त आहे, समतोल साधला जात नाही. मिनिटाला ०.२ अंशावर आणा. तरीही दरी राहिली तर बाष्पीभवन किंवा चार पेडांची जी-रचना असे काहीतरी चालले आहे.

मध्येच शोषणाची उडी आणि पुन्हा खाली: हवेचा बुडबुडा प्रकाशाच्या वाटेत आला. ३२० ची नोंद बघा.

वरची आधाररेषा सपाट न राहता चढतच जाते: तेल न घातल्याने पाणी उडते आहे. पण थोडा चढ स्वाभाविक आहे. सुट्या पेडांतही बेस काही प्रमाणात एकमेकांवर रचलेले असतात आणि ती रचणी हळूहळू मोडत राहते. शोषण मुळात बेसच्या रचणीचेच माप आहे, हायड्रोजन बंधांचे नाही.

खालच्या टोकाला शोषण वाढलेले: थंड कुव्हेटच्या भिंतीवर बाहेरून दव साचले. कोरडा नायट्रोजन सोडा. मुंबईच्या पावसाळ्यात २० °से.च्या आतबाहेरही हे होते.

सगळे छान, पण टीएम अंश-दोन अंश सरकलेला: यंत्र ठोकळ्याचे तापमान दाखवते आहे, द्रावणाचे नाही. संवेदक शेजारच्या कुव्हेटमधल्या द्रावणात बुडवा.

पीसीआरमध्ये ९५ °से. का? आणि किती वेळ?

पीसीआर म्हणजे पुन्हा पुन्हा तापवून आणि थंड करून डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत. १५० मिलिमोलर सममूल्य सोडियममध्ये ६० टक्के जी-सी असलेल्या ५०० जोड्यांच्या तुकड्याचा टीएम वरच्या सूत्राने ९१ °से. येतो. ९५ ला तो सुटतो, वर चार अंशांचीच मोकळीक उरते. जी-सी ७५ टक्के असेल तर तेच सूत्र ९७ °से. देते. असा तुकडा ९५ ला पूर्ण सुटत नाही आणि जेलवर काहीच दिसत नाही. बिचाऱ्या प्रायमरला मग उगाच दोष दिला जातो.

अशा वेळी ९८ °से. वापरा, पण टॅक या नेहमीच्या, प्रती बनवणाऱ्या एन्झाइमने नको. त्याचे अर्धायुष्य ९५ °से.ला सुमारे ४० मिनिटे आणि ९७.५ °से.ला ९ मिनिटांच्या आसपास आहे. उष्णता अधिक सोसणारे पॉलिमरेज घ्या किंवा डीएमएसओ (टीएम उतरवणारे द्रावक) घाला. दर एक टक्का डीएमएसओमागे टीएम सुमारे ०.६ अंशाने उतरतो, म्हणून ५ टक्क्यांना तीन अंश. प्रायमरचाही टीएम तेवढाच उतरतो, तेव्हा जुळणीचे तापमानही खाली आणा. १० टक्क्यांपर्यंत गेलात तर टॅकचे काम बरेच मंदावते. फॉर्मामाइडही दर टक्क्याला ०.६ ते ०.६५ अंश उतरवतो.

वेळेचे म्हणाल तर टीएमच्या वर गेल्यावर पीसीआरच्या तुकड्याचे पेड सुटायला सेकंदही लागत नाही. १५-३० सेकंद जातात ते नळीतल्या द्रवाला ठोकळ्याचे तापमान गाठायला. सुरुवातीची २-३ मिनिटे लांब जनुकीय डीएनए आणि झाकलेले, तापल्यावरच जागे होणारे हॉट-स्टार्ट एन्झाइम यांच्यासाठी.

उकळत्या पाण्यात प्रोब सोडवत असाल तर उंचीचे भान ठेवा. पुण्यात, ५६० मीटरवर, पाणी सुमारे ९८ °से.ला उकळते. महाबळेश्वरात ९५-९६ ला.

पुन्हा पुन्हा तापवल्याने डीएनए खराब होतो का?

होतो, हळूहळू. ए आणि जी बेस कण्यापासून गळतात, आम्लात जास्त वेगाने. सायटोसिनचे युरॅसिल होते, आणि आर्कियापासून मिळवलेली काही पॉलिमरेज युरॅसिलपाशी अडकतात. लांब तुकड्यांच्या पीसीआरमध्ये म्हणून ९५ °से.चा टप्पा दहा सेकंदांवर आणतात.

क्यूपीसीआरच्या (रंगाने प्रती मोजणाऱ्या पीसीआरच्या) वितळ-आलेखात दोन शिखरे आली. उत्पादने दोन झाली का?

७० ते ८० °से.ला एक बुटके, पसरट शिखर आणि मुख्य शिखर त्याच्या वर असेल तर बहुधा प्रायमर-डायमर (प्रायमर एकमेकांनाच जुळून झालेले उत्पादन) आहे. टेम्प्लेट नसलेल्या नळीत तेच शिखर दिसले तर खात्री झाली. पण एकाच उत्पादनात एक भाग ए-टीने आणि दुसरा जी-सीने भरलेला असेल तर तेही दोन टप्प्यांत उघडते. २ टक्के अॅगॅरोजवर चालवून बघा. एकच पट्टा असेल तर उत्पादन एकच. आणखी एक: सायबर ग्रीनसारखे रंग दुपेडी रेणूला बांधले जाऊन त्याला घट्ट करतात, तेव्हा इथला टीएम गणिताने काढलेल्या टीएमशी ताडून बघू नका.

थंड केल्यावर पेड पुन्हा जुळतात का?

जुळतात, पण थंड करण्याच्या पद्धतीवर कसे जुळतील ते ठरते. टीएमच्या २० ते २५ अंश खाली जुळणी सर्वांत वेगाने होते. त्याहून थंड केले तर चुकीच्या ठिकाणी चिकटलेले तुकडे सुटत नाहीत आणि बरोबर जोडीदार शोधायची संधी जाते. एकदम बर्फात टाकले तर बहुतेक पेड एकटेच राहतात, आपल्यातच दुमडून. प्रोबसाठी हेच हवे असते.

याचे रोजचे उदाहरण म्हणजे लॅम्डा विषाणूच्या डीएनएचा, हिंड-थ्री एन्झाइमने कापलेला मार्कर (जेलवर लांबी ताडायचे तुकडे). लॅम्डाच्या दोन्ही टोकांना १२ बेसचे एकपेडी, परस्परपूरक शेपूट असते. फ्रिजमध्ये ती टोके जुळतात आणि २३,१३० व ४,३६१ जोड्यांचे तुकडे चिकटून जातात. जेलवर मग ४.४ चा पट्टा फिका पडतो. मार्कर ६५ °से.ला ५ मिनिटे ठेवून बर्फात घाला, पट्टा परत येतो. बारा जोड्या सोडवायला ६५ पुरतात. मधल्या हजारो जोड्यांना त्याने काही होत नाही.

प्लाझ्मिड (जीवाणूतला छोटा वर्तुळाकार डीएनए) उकळले तरी पेड वेगळे होत नाहीत, हे खरे का?

बंद वर्तुळ असेल तर खरे. दोन पेड दर १०.५ जोड्यांना एकदा एकमेकांभोवती फिरलेले असतात. ४,३६१ जोड्यांच्या पीबीआर-३२२ मध्ये असे सुमारे ४१५ वळसे होतात. जोड्या उघडल्या तरी पेड न तोडता हे वळसे निघत नाहीत. थंड होताच पेड झटकन जागेवर येतात.

प्लाझ्मिड काढायची अल्कली पद्धत यावरच चालते. ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि १ टक्का एसडीएस (पेशी फोडणारे डिटर्जंट) यांत पीएच १२ च्या वर जातो, बेसवरचे प्रोटॉन निघून जातात आणि उष्णतेविनाच जोड्या सुटतात. पीएच परत खाली आणला की प्लाझ्मिड जुळते, तुटलेल्या क्रोमोसोमचे लांब पेड गुंता होऊन गाळात जातात. या पायरीला ५ मिनिटांहून जास्त देऊ नका. जास्त वेळ गेला तर प्लाझ्मिडही कायमचे विस्कटते आणि जेलवर नेहमीच्या पट्ट्याच्या पुढे धावणारा एक भुताटकीचा पट्टा दिसतो. तो कापायच्या एन्झाइमांना दाद देत नाही.

मग उष्ण झऱ्यातल्या जीवाणूंचा डीएनए कसा टिकतो?

त्यांच्या जीनोममध्ये जी-सी ठासून भरलेले असते, ही समजूत टिकत नाही. कित्येक अतिउष्णताप्रिय जीवांत जी-सी मध्यम असते. बंद वर्तुळ, पेशीतले मीठ, पॉलिअमाइन्स आणि डीएनएला बिलगलेली प्रथिने यांनी काम भागते. बंद वर्तुळाकार डीएनए १०० °से.च्या पुढेही जोडीत राहतो. त्यांना भीती असते ती पेड तुटण्याची आणि बेस गळण्याची, त्यासाठी दुरुस्तीची यंत्रणा लागते.

आपल्या पेशीत ३७ °से.ला पेड कोण सोडवते?

हेलिकेज एन्झाइमे, एटीपी खर्चून. एका जोडीला सरासरी १.४ किलोकॅलरी लागतात, पेशीतला एक एटीपी १२ च्या आसपास देतो. सुरुवात कुठून करायची हेही ठरलेले असते. ई. कोलायच्या प्रतिकरण-आरंभाजवळ १३ बेसचे तीन ए-टीबहुल पट्टे आहेत, आणि उघडणे तिथून सुरू होते.

हेच बळानेही करता येते. एसेवाझ-रूले, बोकेलमान आणि हेसलो यांनी १९९७ मध्ये एकाच लॅम्डा रेणूचे दोन पेड टोकाकडून ओढून उघडले. बळ लागले १० ते १५ पिकोन्यूटन, आणि ते जी-सीच्या पट्ट्यांत चढत, ए-टीच्या पट्ट्यांत उतरत होते. अशा ओढण्यातही संक्रमण असते, हे तेव्हा भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ फिजिक्समध्ये असलेले सोमेंद्र मोहन भट्टाचार्जी यांनी २००० मध्ये गणिताने मांडले. ठरावीक बळाच्या खाली रेणू मिटलेला राहतो, वर गेले की उघडतो. तापमान वाढवत नेले की लागणारे बळ कमी होत जाते आणि टीएमपाशी शून्यावर येते.